मी आपला बघतो

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या आईनं जणू माझ्यासाठीच राखून ठेवली होती. शिमग्यात गावची पालखी अंगणात आली की माझे दोन्ही थोरले भाऊ खांदा द्यायला पुढं सरसावायचे आणि मी ओटीवरच्या खांबाला मिठी मारून उभा. आई म्हणायची, ‘‘अरे, तू पण जा की!’’ मी म्हणायचो, ‘‘मी आपला बघतो.’’ पुढं कॉलेजच्या गॅदरिंगला पडदा ओढायचं काम मी मागून घेतलं. बँकेत लागलो, अधिकारी झालो, तेव्हा तर न नाचायला खुर्चीचाच आधार मिळाला. कादंबऱ्या लिहायला लागलो आणि मग बघत राहणं हाच धंदा झाला. लोकांनी जगावं, आपण कडेला उभं राहून टिपून घ्यावं.

तर असा हा बघ्या माणूस २०२४च्या फेब्रुवारीत, वयाच्या ६३व्या वर्षी, थायलंडच्या उत्तरेला डोंगरातल्या एका गावात, खरोखरच वाकड्या असलेल्या एका अंगणात उभा होता. रात्रीचे अकरा वाजले होते. थंडी चांगलीच होती. समोर अंगणाच्या मध्यावर एक कोवळं झाड रोवलेलं, आणि त्याच्याभोवती पन्नास-साठ माणसं एकमेकांचे हात धरून फेर धरत होती. आमची सौ. केव्हाच त्या फेरात शिरली होती. मी हातात जाकीट, पर्स आणि कॅमेरा सांभाळत उभा होतो. ही माझी नेहमीची जागा.

आम्ही तिथं कसे पोचलो, ते आधी सांगतो. आमची मुलगी आणि जावई पाच वर्षं बँकॉकला आहेत. भारतीयांना थायलंडनं व्हिसा माफ केला होता, तेव्हा तिनं हट्टच धरला. ‘‘बाबा, बँकॉकचे मॉल बघायला येऊ नका. चिनी नव्या वर्षाला या. मी तुम्हाला लिसू लोकांच्या गावात नेते.’’ ती जिथं काम करते तिथं मुलांच्या शाळांशी संबंध येतो. त्यातून एका लिसू शिक्षकाची ओळख झालेली. डोंगरातल्या गावात जन्मलेला, चिआंग माईला शिकलेला, बरं इंग्रजी बोलणारा तिशीतला तरुण. आम्ही त्याला मास्तरच म्हणू लागलो आणि त्यालाही तो शब्द आवडला. लिसूंचं नवं वर्ष चिनी पंचांगाप्रमाणे सुरू होतं. त्या वर्षी ते १० फेब्रुवारीला होतं.

लिसू हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. मलाही नव्हतं. हे मूळचे चीनच्या युनान प्रांतातले, तिबेटातून खाली उतरणाऱ्या सालवीन आणि मेकाँग या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतले लोक. सालवीनला तिकडे नूजिआंग म्हणतात. तिथली दरी इतकी उभी, की अगदी अलीकडेपर्यंत माणसं, गुरं, धान्य, सगळं नदीवर ताणलेल्या दोरावरून कप्पीला लटकून पलीकडे जायचं. शेतीसाठी नवी जमीन शोधत, लढायांना आणि करांना टाळत हे लोक दक्षिणेकडे सरकत राहिले. आधी ब्रह्मदेशात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून थायलंडच्या डोंगरांत. आज चीनमध्ये त्यांची संख्या सात लाखांवर आहे, म्यानमारमध्ये काही लाख, थायलंडमध्ये चाळीस हजारांच्या आसपास. आणि आपल्या देशातही आहेत बरं का! अरुणाचल प्रदेशात, चांगलांग जिल्ह्यातल्या विजयनगरच्या खोऱ्यात काही हजार लिसू राहतात. तिकडे त्यांना योबिनही म्हणतात. नामदफाच्या जंगलापलीकडचं, तीन बाजूंनी म्यानमारनं वेढलेलं ते खोरं. मिआओपासून तिथवरचा रस्ता १५७ किलोमीटरचा, पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो पायीच तुडवला.

गावात जाण्याच्या दोन रात्री आधी मुलीनं आम्हाला चिआंग माई शहरात जेवायला नेलं. खानतोक म्हणतात त्या जेवणाला. आपल्या चौरंगासारख्या बुटक्या गोल तबकावर वाट्या मांडलेल्या असतात आणि खाली मांडी घालून जेवायचं. समोर रंगमंचावर नाच. आधी राजदरबारी नाच झाले, मग डोंगरी जमातींचे. त्यात एक लिसू नाच होता. निवेदकानं तसं सांगितलं म्हणून कळलं. आठ-दहा मुली, अंगात निळे-हिरवे झगे, गळ्यापासून खांद्यापर्यंत रंगीबेरंगी कापडाच्या बारीक पट्ट्या शिवलेल्या, डोक्यावर गोंड्यांची पागोटी, छातीवर चांदी. त्या हात धरून अर्धगोलात उभ्या राहिल्या, चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे, हसल्या, वाकल्या आणि गेल्या. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. नाच गोड होता. मी फोटोही काढले.

मास्तरांची धाकटी बहीण अशाच एका ठिकाणी संध्याकाळी नाचायला जाते, हे मला गावी जाताना गाडीत कळलं. मी विचारलं, ‘‘तुमच्या गावातही असाच अर्धगोल असतो का?’’ मास्तर हसले. ‘‘नाही हो. आमचा पुरा गोल असतो. पण पुरा गोल केला तर निम्म्या मुलींची पाठ पर्यटकांकडे होते. मग फोटोत चेहरे येत नाहीत. म्हणून तिथं गोल कापतात.’’

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. बहिणीच्या त्या पगारातून धाकट्या भावाची फी जाते. पण ‘गोल कापतात’ हे शब्द माझ्या डोक्यात राहिले.

चिआंग माईहून उत्तरेला सत्तरएक किलोमीटरवर चिआंग दाओ लागतं. चुनखडीचा एक प्रचंड डोंगर गावावर ओणवलेला. तिथून पिकअपमध्ये बसून कच्च्या रस्त्यानं वर चढायचं. दोन्ही बाजूंना कापणी झालेलं मक्याचं शिवार, मग कॉफीची झुडपं. मास्तरांच्या आजोबांच्या काळी याच उतारांवर अफूची फुलं डोलायची. डोंगरातली सगळीच मंडळी अफू पिकवत. तेच रोखीचं पीक होतं. थायलंडनं १९५९ मध्ये अफूवर बंदी घातली आणि १९६९ पासून राजे भूमिबल यांच्या प्रकल्पानं हळूहळू तिच्या जागी फळं, भाज्या, कॉफी आणली. बँकेतल्या माणसाला पीकबदल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कागदावर एका ओळीत होतो आणि घरात एक पिढी खातो.

गावात पोचलो तेव्हा दुपार होती आणि प्रत्येक घरासमोर लगबग. चिकट तांदळाचा भात वाफवून उखळात कुटत होते. दोघं-तिघं आळीपाळीनं मुसळ घालायचे, मग त्या गोळ्याच्या जाड चकत्या थापायच्या. मला आमच्या घरचे पोहे कांडण्याचे दिवस आठवले. प्रत्येक घराच्या अंगणात एक कोवळं झाड जमिनीत रोवलेलं होतं. त्याला कागदाच्या पट्ट्या, तांदळाच्या चकत्या आणि डुकराच्या मांसाचा तुकडा बांधलेला. हे नव्या वर्षाचं झाड. आपल्या गुढीसारखंच, घरागणिक एक. गावाच्या वरच्या अंगाला झाडीत एक छोटं ठाणं होतं, गावाची राखण करणाऱ्या देवाचं. त्याला ते ‘आपा मो’ म्हणतात. अर्थ सरळ, म्हातारे आजोबा. आमच्या गावच्या राखणदाराला आम्ही तरी वेगळं काय म्हणतो?

नाच संध्याकाळी गावच्या पुजाऱ्याच्या अंगणातून सुरू होतो. तिथल्या झाडाभोवती फेर झाला की घरची माणसं तांदळाची दारू आणि फराळ देतात. मग फेर उठतो आणि पुढच्या घरी जातो. तिथून पुढच्या. असं करत रात्रभर गावातलं एकेक घर घ्यायचं. एकही वगळायचं नाही. श्रीमंताचं असो, गरिबाचं असो, वर्षभर ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्याचंही असो. पालखीचा नियम हाच, हे मला पहिल्या दोन घरांतच उमगलं. फरक एवढाच, की इथं खांद्यावर काही नव्हतं. गाव स्वतःच पालखी होऊन फिरत होता.

या लोकांना राजा नाही, सरदार नाही. गावाला मुखिया असतो, पण तो सरकारशी बोलायला. घरात मात्र जो तो राजा. अस्वल, मधमाशी, मासा, बांबू, आग अशी त्यांच्या कुळांची नावं, आणि एका कुळात सोयरीक होत नाही. पॉल आणि एलेन लुईस या दांपत्यानं १९८४ मध्ये या भागातल्या सहा डोंगरी जमातींवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात प्रत्येक जमातीचं मर्म एकेका इच्छेत सांगितलंय. कुणाची इच्छा सलोख्याची, कुणाची स्वातंत्र्याची. लिसूंची इच्छा त्यांनी कुठली सांगितली असेल? सगळ्यांत पुढं असण्याची! मी मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. ‘‘अगदी खरं आहे. आमच्यात प्रत्येकाला आपला झगा शेजारणीपेक्षा झकपक हवा, आपलं डुक्कर शेजाऱ्यापेक्षा मोठं हवं.’’

आणि अशा माणसांनी नाच कुठला निवडावा? ज्यात पहिलाच कुणी नसतो असा. गोलाला ना पुढचं टोक, ना मागचं. सगळ्यांची तोंडं झाडाकडे. मधोमध वादक. तोही मिरवत नाही, मान खाली घालून सुरात बुडालेला. वर्षभर पुढं राहण्यासाठी धडपडायचं आणि नव्या वर्षाच्या रात्री सगळ्यांनी सारख्या अंतरावर उभं राहायचं. हे कुणी ठरवून केलं नसणार. पण शेकडो वर्षं टिकलेल्या गोष्टींना त्यांचं त्यांचं शहाणपण असतं.

पावलं म्हणाल तर साधी दिसतात. दोन पुढं, एक मागं, मग टाच हलकेच आपटून बाजूला सरकायचं. वेग नाही, गिरकी नाही. कमरेच्या पट्ट्याला मागं बांधलेले शेकडो रंगीत धाग्यांचे झुबके त्या तालावर एकदम डावीकडे आणि एकदम उजवीकडे हेलकावतात. चाल तीच, सूर तोच, तास-तासभर. पहिली दहा मिनिटं बघणाऱ्याला कंटाळा येतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

मग मला वादकाच्या हातातलं वाद्य नीट दिसलं आणि मी जागच्या जागी थबकलो.

तो वाळवलेला भोपळा होता. भोपळ्याच्या मानेत तोंड लावायचं, पोटात बांबूच्या नळ्या खोवलेल्या, त्यांच्यावर बोटं. फूलू म्हणतात त्याला. नळ्यांच्या आत पातळ जिभा बसवलेल्या असतात. श्वास आत घेतला तरी त्या वाजतात, बाहेर सोडला तरी वाजतात. त्यामुळे सूर तुटतच नाही. आपल्या वारल्यांचा तारपाही भोपळ्याचाच. त्याची बनावट वेगळी, आवाज कितीतरी भरदार. पण तोच दुधी भोपळा, तोच बांबू, मधोमध तोच एक वाजवणारा आणि भोवती तीच हात धरलेली माणसं. फूलू ऐकता ऐकता मी सदतीस वर्षं मागं, जव्हारला जाऊन पोचलो.

१९८७ची गोष्ट. तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं. मी तिथल्या एका बँकेच्या शाखेत नवा अधिकारी. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आदिवासींना शेळ्या-म्हशींसाठी कर्जं दिली जात. जनावराचा विमा असे आणि त्याची खूण म्हणून कानात धातूचा बिल्ला ठोकलेला असे. जनावर मेलं तर बिल्ला आणून दाखवायचा, मग विमा मिळायचा, मग कर्ज फिटायचं. एका पाड्यावरच्या वारली खातेदाराच्या दोन शेळ्या एका पावसाळ्यात मेल्या. तो चौदा किलोमीटर चालत शाखेत आला आणि त्यानं पानात गुंडाळलेले दोन कान माझ्या टेबलावर ठेवले. बिल्ल्यांसकट. एका बिल्ल्यावरचा आकडा झिजून गेला होता. दावा नामंजूर झाला. नामंजुरीच्या पत्राखाली माझी सही होती, आणि दोन महिन्यांनी थकबाकीची नोटीस गेली तिच्याखालीही माझीच.

भातकापणी झाल्यावर वसुलीसाठी आम्ही त्या भागात फिरत होतो. जीप बंद पडली आणि रात्र त्याच पाड्यावर काढावी लागली. तारपा वाजत होता. चांदण्यात फेर चालला होता. फेरातून एक माणूस मान वळवून माझ्याकडे बघून हसला. तोच होता. त्यानं शेजारणीचा हात सोडला, दोघांमध्ये एका माणसाची जागा केली आणि म्हणाला, ‘‘साहेब, या की.’’

मी म्हणालो, ‘‘नको, मी आपला बघतो.’’

बँकेत ‘बघतो’ या शब्दाचा अर्थ काय, हे सगळ्या खातेदारांना ठाऊक असतं. तो एक क्षण थांबला. मग त्यानं पुन्हा शेजारणीचा हात धरला आणि फेर पुढं गेला. माझ्यासाठी केलेली जागा मिटली. त्या रात्रीवर मी पुढं एक कथा लिहिली. लोकांना आवडली. कथेत अधिकारी फेरात जातो.

‘‘शेळ्यांचं कर्ज?’’ मास्तरांनी मध्यरात्री शेकोटीजवळ ही हकिकत ऐकून विचारलं. ‘‘आमच्याकडे तर शेळ्यांचा नाचच आहे.’’ मग त्यांनी सांगितलं ते असं. युनानमध्ये वेइशी नावाचा लिसूंचा तालुका आहे. तिथल्या येझी भागातल्या डोंगरी गावांत ‘आची मुगुआ’ नावाचा नाच चालतो. आची म्हणजे शेळी, मुगुआ म्हणजे गाणं. त्याला एकही वाद्य नाही. नाचणारेच गातात आणि पायांचा ठेका हाच ताल. आवाज शेळीच्या बेंबटण्यासारखा थरथरता काढायचा, आणि पावलांत कळपाची चाल. एकमेकांना ढुशा देणं, दाटीवाटीनं वळणं, कडा चढणं. डोंगरात दिवसभर शेळ्यांमागं हिंडणाऱ्यांनी संध्याकाळी शेळ्याच होऊन बघितलं, झालं. चीन सरकारनं २००६ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाची पहिली यादी केली, तिच्यात हा नाच आहे.

त्याच येझीत वांग रेनबो नावाचा एक शेतकरी होऊन गेला. जन्म १९००चा. शाळेचं तोंड न बघितलेला हा माणूस विसाव्या शतकाच्या विशीत एकटाच बसून लिसू भाषेसाठी हजारावर चिन्हांची एक लिपी तयार करत राहिला. लिसूंची एक दंतकथा आहे. देवानं सगळ्यांना लिपी वाटली. चिन्यांनी ती कागदावर लिहून घेतली आणि लिसूंनी हरणाच्या कातड्यावर. ते कातडं कुत्र्यानं खाल्लं! म्हणून लिसूंना लिपी नाही. ज्यांचं दप्तर कुत्र्यानं खाल्लं त्यांनी हिशेब कुठं ठेवायचा? त्यांनी तो गाण्यात आणि पायांत ठेवला. पूर्वज कुठून आले, कुठली नदी ओलांडली, पेरा कधी करायचा, लग्नात कुणी कुणाला काय द्यायचं, सगळं गाऊन आणि नाचून पुढच्या पिढीकडे. वर्षातून एकदा सगळ्या गावानं हात धरून ते दप्तर उघडायचं.

दप्तर जपायला दोनदा धोका झाला. जेम्स फ्रेझर नावाचे इंग्रज मिशनरी १९१०च्या सुमारास लिसूंमध्ये आले. माणूस कष्टाळू आणि मनाचा मोठा. स्वतः उत्तम पियानो वाजवणारा. त्यांनी आणि सारा बा थाव या करेन धर्मोपदेशकानं मिळून रोमन अक्षरं सुलटी-उलटी वापरून लिसूंसाठी सोपी लिपी रचली. आजही लाखो लिसू तीच वापरतात. पण नव्या धर्माबरोबर दारू सुटली आणि दारूबरोबर जुनी प्रेमगीतं आणि रात्रीचे फेरही मागे पडले. त्यांच्या जागी प्रार्थनामंदिरात चार सुरांतली सामूहिक गाणी आली. लिसू ती इतकी सुंदर गातात, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आपल्या अरुणाचलातले लिसूही बहुतेक ख्रिस्तीच आहेत. यात नुकसान किती आणि लाभ किती, याचा ताळेबंद मी मांडणार नाही. अफू आणि दारूनं घरं बसलेली ज्यांनी बघितली, त्यांना तो विचारावा. पुढं चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत जुनं म्हणून जे जे होतं त्यावर घाला आला, त्यात हे सणही आले. मग वारं फिरलं आणि १९९० मध्ये नूजिआंगच्या प्रशासनानं लिसूंच्या नव्या वर्षाला डिसेंबरातली ठरावीक तारीखच नेमून दिली. म्हणजे आधी बंदी आणि नंतर सुट्टी! सरकार कुठलंही असो, त्याला मधलं काही जमत नाही.

मास्तरांना मी विचारलं, ‘‘आता धोका कशाचा?’’ मला वाटलं, ते पर्यटकांचं नाव घेतील. ते म्हणाले, ‘‘कुलपाचा.’’

त्याचा अर्थ रात्री दोन वाजता कळला. फेर एका घराशी आला आणि त्या घराला कुलूप होतं. घरची मंडळी शहरात. नवरा बांधकामावर, बायको हॉटेलात, मुलं शाळेत. सणाला येता आलं नव्हतं. अंगण झाडलेलं होतं, झाड रोवलेलं होतं. शेजारच्यांनी रोवलं होतं. त्याला चकत्या बांधलेल्या होत्या. फराळ द्यायला कुणी नव्हतं, दारू द्यायला कुणी नव्हतं. तरी फेर धरला गेला. इतर घरांपुढं होता तेवढाच वेळ. माणसं आता कमी झाली होती. म्हातारे झोपायला गेले होते, पोरं पेंगुळली होती. त्यामुळे गोल पुरा करायला हात ताणावे लागत होते. दोन जणांच्या मध्ये हाताच्या लांबीएवढी फट, आणि तरी पुरेना. यंदा गावात कुलपं नऊ होती, मास्तर हळूच म्हणाले. गेल्या खेपेला सहा.

या लोकांपैकी कितीतरी जणांकडे देशाचा साधा कागद नाही, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. मास्तरांची आजी थायलंडमध्येच जन्मली, थायलंडमध्येच वारली, पण नागरिक म्हणून नाही. कागद नाही म्हणून बँकेत खातं नाही. खातं नाही म्हणून कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून शेत सुटतं आणि शहर धरावं लागतं. आम्ही परत आल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात बातमी वाचली, की थायलंडच्या मंत्रिमंडळानं वर्षानुवर्षं राहत असलेल्या ४ लाख ८३ हजार माणसांना कायमचा परवाना आणि नागरिकत्व लवकर देण्याचा निर्णय घेतला. वाचून बरं वाटलं. मात्र मंजुरी आणि वाटप यांतलं अंतर मला नोकरीत चांगलंच मोजता आलं आहे.

त्या कुलपाच्या अंगणात मी नेहमीसारखा बाहेर उभा होतो आणि तिथं माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. फक्त पाठी. गेले पाच तास मी नाच बघत होतो आणि एकाही माणसाचा चेहरा मला नीट दिसलेला नव्हता. चिआंग माईच्या रंगमंचावर सगळे चेहरे माझ्याकडे होते, कारण तिथं माझ्यासाठी गोल कापला होता. इथं कुणी कापणार नव्हतं. हा नाच बघायचा असेल तर बघायची जागा एकच होती, आणि ती आत होती.

तेवढ्यात फेर माझ्यापाशी आला. एका सत्तरीच्या बाईंनी पलीकडच्या पोराचा हात सोडला आणि तो हात माझ्यापुढं केला. चेहऱ्यावर हसू नाही, आग्रह नाही. मधली फट मोठी झाली होती आणि कडेला एक माणूस रिकामा उभा होता, एवढाच त्यांचा हिशेब असावा. माझ्या तोंडावर शब्द आले होते. मी आपला बघतो. पण ते लिसूत कसं म्हणायचं, हे मला येत नव्हतं. थाई येत नव्हतं. मास्तर लांब होते. मी जाकीट, पर्स, कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि हात दिला.

त्या बाईंचा हात जव्हारच्या खातेदारांच्या हातासारखाच होता. मी शिक्के मारताना, अंगठे उठवून घेताना असे शेकडो हात धरलेत. अंगठा शाईत दाबायचा, कागदावर दाबायचा आणि सोडायचा. एवढा वेळ, काहीही न उठवता, कुणाचा हात धरून मी कधी उभा राहिलो नव्हतो. पावलं चुकत होती. दोन पुढं की तीन? टाच कधी? मी खाली पायांकडे बघायला लागलो की बाई माझा हात किंचित वर ओढायच्या. खाली बघू नकोस, असं असणार. मी वर बघितलं. झाडापलीकडे, माझ्या बरोबर समोर, फेरात आमची ही होती. आणि मास्तरांची बहीण. संध्याकाळी शहरातल्या रंगमंचावर नाच करून, रात्रीच्या गाडीनं ती गावात आली होती आणि आता पुन्हा नाचत होती. रंगमंचावरच्या मुलींसारखं हसू तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती दमलेली होती, स्वस्थ होती, कुठं बघतेय ते सांगता येत नव्हतं.

किती वेळ गेला, कळलं नाही. पहिल्या दहा मिनिटांचा कंटाळा आतल्या माणसाला येत नाही, एवढं मात्र कळलं. मग फूलूवाला चालायला लागला आणि त्याच्यामागून आम्ही सगळे हात न सोडता पुढच्या घरी गेलो. तिथं दार उघडं होतं आणि दिवा लागलेला होता.

पहाटे पिकअपमध्ये बसलो तेव्हा माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. मुलगी झोपली होती. हिनं शालीत तोंड गुंडाळून विचारलं, ‘‘अहो, तुम्ही चक्क नाचलात! आणि ते सारखे अडखळत का होतात?’’

मी म्हटलं, ‘‘अंगण वाकडं होतं.’’